चोवीस प्रश्न सोडले

शाळेत मी पुरवण्यांसाठी प्रसिद्ध होते. उत्तरपत्रिका संपली की हात वर करायचा, 'सर, पुरवणी' म्हणायचं आणि ती दोऱ्याने बांधता बांधता शेजारच्या बाकाकडे एक नजर टाकायची, हा माझा परीक्षेतला सगळ्यात आवडता भाग. दहावीला भूमितीच्या पेपरलासुद्धा मी पुरवणी घेतली होती. तिच्यात काय लिहिलं ते मला आज आठवत नाही, आणि तपासणाऱ्यालाही बहुधा कळलं नसावं.

हे वेड माझ्या एकटीचं नव्हतं. आमच्याकडे सगळ्याच शाळांत हे शिकवतात की पेपर कोरा सोडायचा नाही. उत्तर येत नसेल तर प्रश्न उतरवून काढा, एखादी आकृती काढा, तिला बाण काढून नावं द्या, तपासणारा अर्धा मार्क तरी टाकतोच. आमच्या विज्ञानाच्या सरांनी तर निरोप समारंभात, निम्म्या मुली रडत असताना, शेवटचा उपदेश म्हणून हेच सांगितलं. मी तो शिरसावंद्य मानला.

बारावीनंतर हाच उपदेश घेऊन मी मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला बसले. एकशेऐंशी प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, बरोबर गोल काळा केला तर चार मार्क आणि चुकीचा केला तर एक वजा. नियम मला तोंडपाठ होता. हाताला मात्र तो कुणी सांगितला नव्हता. शेवटची वीस मिनिटं उरली तेव्हा जे जे गोल रिकामे दिसले ते मी भराभर रंगवले, आणि बाहेर येऊन वडिलांना, म्हणजे आमच्या अण्णांना, छाती पुढे काढून सांगितलं, "एकबी सोडला न्हाई!"

अण्णाही खूश झाले. येताना त्यांनी मला उसाचा रस पाजला.

निकाल लागला तेव्हा एकशेआठ उत्तरं बरोबर होती आणि बहात्तर चूक. बहात्तर मार्क मी स्वतःच्या हाताने, काळ्या शाईने, पुसले होते. उरले तीनशे साठ. तेवढ्यावर डॉक्टर होता येत नाही.

मला डॉक्टर का व्हायचं होतं, ते आधी सांगते. मी सातवीत असताना आईच्या पित्ताशयाचं ऑपरेशन श्रीरामपूरला झालं. तोवर कुठल्याही दवाखान्यात गेलं की डॉक्टर अण्णांशी बोलायचे आणि आई भिंतीकडे बघत बसायची, जणू काही पोट अण्णांचंच दुखत होतं. या डॉक्टरबाईंनी मात्र खुर्ची आईकडे वळवली. औषधाच्या चिठ्ठीमागे एक पिशवी काढली, पिशवीत तीन खडे काढले आणि आईला विचारलं, "कळलं का?" आईने मान हलवली आणि चक्क दोन प्रश्न विचारले. ती चिठ्ठी आईने कितीतरी वर्षं डब्यात जपून ठेवली. मला त्या खुर्चीवर बसायचं होतं, बाकी काही नाही.

तर, पहिल्या खेपेला आपटल्यावर माझं ठरलेलं होतं. सगळे करतात तसं एक वर्ष कॉलेज सोडायचं, शहरात क्लास लावायचा, होस्टेलवर राहून फक्त अभ्यास करायचा. अण्णांनी ऐकून घेतलं आणि नाही म्हणाले. त्यांच्या डोळ्यांसमोर माझा चुलतभाऊ होता. त्याने अशी एक नाही, तीन वर्षं काढली होती. तिसऱ्या निकालानंतर तो वस्तीवर परत आला, ते घरातल्यांच्या नजरेला नजर देईना.

"त्याच्याकडं डाक्टरकी न्हाई आन डिग्रीबी न्हाई," अण्णा म्हणाले. "तुझं तसं हुऊ द्यायचं न्हाई मला. बीएस्सीला नाव घाल. रोज कालेजात जायचं, एक दिस बुडवायचा न्हाई, पयल्या वर्गात पास व्हायचं. त्याच्यासंगं परीक्षेचं बघ. एकदाच. जमलं तर तुझं नशीब. न्हाई तर बीएस्सी कर, बीएड कर, मास्तरीन हो."

माझा स्वभाव तापट आहे, हे मी लपवत नाही. मी तीन दिवस अण्णांशी बोलले नाही. चौथ्या दिवशी लक्षात आलं की न बोलण्यातही वेळ जातो आहे, आणि वेळ तर एकाच वर्षाचा होता. मी श्रीरामपूरला जाऊन बीएस्सीला नाव घातलं.

आमची वस्ती कोल्हारपासून थोडी आत आहे. पहाटे पाचला उठून गाईंच्या धारा, मग चालत स्टँड, सातची एसटी, दुपारी तीन-चारपर्यंत लेक्चर आणि प्रॅक्टिकल, पाचची एसटी आणि सहाला घर, असा दिवस. अभ्यासाला जागा उरली ती एसटीत. जाताना जीवशास्त्र, येताना रसायन, कारण गणितं करायला गाडी फार हलायची. कारखाने सुरू झाल्यावर उसाच्या जोड-ट्रेलरमागे आमची एसटी मुंगीच्या पावलाने चालायची. सगळी गाडी त्या ट्रॅक्टरवाल्याला शिव्या घालायची आणि मी मनात त्याचे आभार मानायची. वनस्पतींचं सगळं वर्गीकरण मी एका उलटलेल्या ट्रेलरच्या कृपेने संपवलं.

कॉलेजात वनस्पतिशास्त्राला एक मॅडम होत्या. त्यांच्या तासाला मी जर्नलच्या आड प्रश्नसंच ठेवून सोडवत होते. दुसऱ्याच आठवड्यात पकडली गेले.

"दोन दगडांवर पाय ठेवते आहेस," मॅडम म्हणाल्या.

"पाय माझेच आहेत ना, मॅडम," मी म्हणाले. वर्ग फिसकन हसला. माझी मला लाज वाटली, पण शब्द तर सुटून गेला होता.

मॅडम चिडल्या नाहीत. "मग पहिल्या बाकावर बस," एवढंच म्हणाल्या. वर्षभर मी त्यांच्या डोळ्यांसमोर, पहिल्या बाकावर, भिंतीच्या बाजूला बसले. जर्नलच्या आड काही ठेवायची सोय संपली, त्यामुळे नाइलाजाने ऐकावं लागलं. ऐकता ऐकता कळलं की ज्या गोष्टीची मी वर्षभर घोकंपट्टी केली होती तीच गोष्ट मॅडम इथे उलगडून सांगताहेत. कांद्याच्या मुळाचं टोक रंगवून काचेवर दाबलं आणि सूक्ष्मदर्शकात पेशी दुभंगताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, त्या दिवसानंतर पेशीविभाजनाचा एकही प्रश्न माझा चुकला नाही. होस्टेलवर बसून अभ्यास करणाऱ्या माझ्या मैत्रिणींना हे मिळत नव्हतं. अण्णांचा राग तिथे अर्धा उतरला. उरलेला अर्धा मी तत्त्व म्हणून ठेवला.

पण माझं खरं दुखणं अभ्यासाचं नव्हतंच. दर रविवारी दुपारी दोन ते पाच मी गोठ्याशेजारच्या खोलीत घड्याळ लावून सराव पेपर सोडवायची, आणि दर रविवारी पन्नास-साठ चुकीचे गोल रंगवून उठायची. येतं ते येत होतं. येत नाही ते सोडून देववत नव्हतं. रिकामा गोल दिसला की हाताला खाज सुटायची.

यातून वाट काढली ती आईने. आई सातवी शिकलेली. संध्याकाळी ती अंगणात शेंगा फोडायला बसायची. कॉलेजातून आले की मी समोर बसून मदत करायची, आणि करता करता पंचेचाळीस प्रश्नांचा एक संच सोडवायची. प्रश्नपत्रिका माझ्याकडे, उत्तरांचा कागद आईकडे. प्रश्न इंग्रजीत, पण उत्तरं म्हणजे नुसते आकडे, एक ते चार. आई म्हणायची, "सतरा?" मी प्रश्न वाचून म्हणायची, "तीन." बरोबर असलं की आई माझ्या वाटीत चार दाणे टाकायची. चुकलं की वाटीतून एक दाणा उचलून परत सुपात. वजा मार्क म्हणजे काय हे मला दोन वर्षं सांगून कळलं नव्हतं. टाकलेला दाणा आई जेव्हा वाटीतून परत घ्यायची तेव्हा मात्र ते लगेच कळायचं. वाटीतले दाणे दुसऱ्या दिवशी कूट होऊन भाजीत पडायचे. चांगला दिवस असला की भाजी घट्ट व्हायची, आणि अण्णा जेवताना म्हणायचे, "आज अभ्यास बरा झाल्याला दिसतोय."

दिवाळीनंतर एका संध्याकाळी आई हातातला कागद खाली ठेवून म्हणाली, "तुला येक सांगू का?"

"सांग."

"तुला येतं तवा तू हळू बोलतीस. येत न्हाई तवा लई जोरात बोलतीस."

मी भडकले. "तुला काय कळतं त्यातलं?" असं मी आईला म्हणाले. ज्या बाईशी डॉक्टर बोलत नाहीत म्हणून मला डॉक्टर व्हायचं होतं, तिला मी हे म्हणाले. आई सूप उचलून घरात गेली. पुढचे चार दिवस ती शेंगा मागच्या दारी बसून फोडत होती.

त्या रविवारचा पेपर मी मुद्दाम मोठ्याने सोडवला. गाईंशिवाय ऐकायला कोणी नव्हतं. उत्तर म्हणताना जिथे जिथे आवाज चढला तिथे पेन्सिलीने बारीक खूण केली. नंतर तपासलं. खुणा एकतीस होत्या, त्यांतली चोवीस उत्तरं चूक. अठरा वर्षं मी जोरात बोलून स्वतःलाच फसवत होते, आणि ते ओळखलं होतं आईने, हातातल्या शेंगेवरची नजर न काढता.

मी वाटी घेऊन मागच्या दारी गेले आणि तिच्यासमोर बसले. माफी मागायची आमच्याकडे रीत नाही, आणि मला ती येतही नाही. मी उत्तरांचा कागद तिच्या हातात दिला. तिने तो झटकला, डोळ्यांपासून लांब धरला आणि म्हणाली, "येक?"

तेव्हापासून नियम ठरला. आवाज चढला की आई नुसती मान वर करून बघायची आणि मी म्हणायची, "सोडला." सोडलेल्याला दाणा मिळत नव्हता, पण जातही नव्हता. फार जड गेलं हे. प्रश्न सोडताना वाटायचं की आपण कुणासमोर तरी हरतो आहोत. महिनाभर मी 'सोडला' हा शब्द दात आवळून म्हणत होते. मग हळूहळू दात सुटले आणि वाटी भरू लागली.

मे महिन्यात दोन्ही परीक्षा एकमेकींच्या अंगावर आल्या. बीएस्सीचा वनस्पतिशास्त्राचा पेपर शनिवारी, प्रवेश परीक्षा रविवारी. कॉलेज बुडवायचं नाही म्हणजे पेपर बुडवायचा प्रश्नच नव्हता. शनिवारी मी मन लावून लिहिलं, सगळे प्रश्न, सगळ्या आकृत्या. तिसऱ्या तासाला हात वर केला. वर्गावर नेमक्या मॅडमच होत्या. त्यांनी पुरवणी आणून बाकावर ठेवली, सही केली आणि खाली वाकून हळूच म्हणाल्या, "आज हवं तेवढं लिही. उद्या हात आवर."

त्यांना मी या खोडीबद्दल कधी बोलले नव्हते. पहिल्या बाकावर बसणाऱ्याचं सगळंच दिसत असावं.

सेंटर नगरला मिळालं होतं. सकाळीच अण्णा आणि मी एसटीने निघालो. फाटकाशी तपासणी झाली, अण्णा बाहेर लिंबाखाली टॉवेल पसरून बसले आणि मी आत गेले. जीवशास्त्र चांगलं गेलं. रसायन बरं गेलं. भौतिकशास्त्र असं होतं की आजूबाजूला सुस्कारे ऐकू येत होते. तोंडाने बोलायची सोय नव्हती, पण आतला आवाज मला आता ओळखू येत होता. एखादं उत्तर माझ्या मनात शांतपणे यायचं, ते मी रंगवायची. एखादं ओरडत यायचं, 'तीनच! तीनच असणार!' की मी पुढे जायची. शेवटची दहा मिनिटं राहिली तेव्हा मी मोजलं. चोवीस प्रश्न कोरे होते.

पेन खाली ठेवलं आणि दोन्ही हात मांडीखाली घालून बसले.

वर्गावर एक वयस्कर सर होते, कुठल्यातरी शाळेतले मास्तर असावेत. ते माझ्या बाकापाशी थांबले. माझ्या कागदावरचे रिकामे गोल त्यांनी पाहिले आणि त्यांचा जीव कळवळला. "अगं बाळा, वेळ आहे अजून," ते हळूच म्हणाले. "कोरं कशाला ठेवतेस? भरून टाक काहीतरी."

त्यांच्या आवाजात इतकी माया होती की माझा उजवा हात खरंच बाहेर आला. माझ्या सगळ्या शाळा, सगळे सर, सगळ्या पुरवण्या त्या एका वाक्यात होत्या. मी पेनाकडे पाहिलं. मग मला सुपात परत जाणारा दाणा दिसला.

"राहू द्या सर," मी म्हणाले.

आवाज चढला नव्हता. मी तो नीट ऐकला.

बाहेर आल्यावर अण्णांनी पाण्याची बाटली पुढे केली आणि विचारलं, "कसा गेला?"

"चोवीस सोडले, अण्णा."

अण्णांचा चेहरा उतरला. गेल्या वर्षी एकही न सोडता जी पोरगी आपटली, ती यंदा चोवीस सोडून आली होती. राहुरीपर्यंत ते खिडकीतून बाहेर बघत होते. स्टँडवर गाडी थांबली तेव्हा एकदाच म्हणाले, "चोवीस म्हंजे लई झालं की गं." त्या दिवशी उसाचा रस नव्हता. मलाही धीर धरवेना. घरी आल्यावर मी आईला तेच सांगितलं. आईने विचारलं, "किती येळा जोरात बोललीस?" मी म्हणाले, "एकदाबी न्हाई." "मंग झालं," म्हणून ती धारेला गेली.

निकाल जूनमध्ये लागला, भर दुपारी, मोबाईलवर. पान तीनदा अडकलं आणि चौथ्यांदा उघडलं. पाचशे चोपन्न. मी आकडा दोनदा वाचला आणि मग अशी किंचाळले की गोठ्यातली कालवड दावं तोडून पळाली. आई धावत आली. मी तिला उचलायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही, दोघी पडलो. मी हसत होते, रडत होते, आणि खरं सांगायचं तर मला स्वतःचा प्रचंड अभिमान वाटत होता. तो आजही वाटतो. मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या, "सरकारी कॉलेज मिळणार तुला, आता पेढे पहिल्या बाकावर आणून ठेव." त्यांचं खरं ठरलं, पहिल्याच यादीत माझं नाव लागलं. बीएस्सीचं पहिलं वर्षही पहिल्या वर्गात निघालं, तेव्हा अण्णांच्या अटीला कुठूनही फट राहिली नाही.

पण त्या दुपारी अण्णा नुसते उभे होते. "पाचशे चोपन्न," ते म्हणाले. "म्हंजी किती?"

"गेल्या वर्सी तीनशे साठ हुते," मी म्हणाले.

"आकडे न्हाई कळत मला. दाण्यात सांग."

आई म्हणाली, घरातले दाणे तर संपलेत. अण्णा आत गेले आणि पत्र्याचा डबा घेऊन आले. तो बियाण्याचा डबा होता. पेरणीसाठी एक एक शेंग हाताने फोडून, टपोरे दाणे निवडून ठेवलेले, फक्त औषध चोळायचं बाकी होतं. त्या डब्याला आमच्या घरात कोणी हात लावत नाही. लहानपणी मी एकदा चार दाणे तोंडात टाकले होते, तेव्हा अण्णांच्या हातचा एकमेव मार खाल्ला होता.

त्यांनी अंगणात धोतर अंथरलं आणि मोजायला बसले. पन्नासाचा एक ढीग, असे अकरा ढीग, वर चार दाणे. साल निघू नये म्हणून प्रत्येक दाणा दोन बोटांत अलगद धरत होते. मोजून झाल्यावर त्यांनी ढिगांवरून एकदा बोट फिरवलं.

"आन तू सोडल्याले?" त्यांनी विचारलं.

"त्याचे मिळत न्हाईत, अण्णा."

"ती तुझी परीक्षा झाली, ही माझी," अण्णा म्हणाले. त्यांनी डब्यात हात घातला, पुन्हा मोजायला लागले, आणि मोजलेले दाणे माझ्या ओंजळीत ओतले. चोवीस होते.

"खा," ते म्हणाले.

मी आईकडे पाहिलं. तिने मान हलवली. मग अण्णांच्या समोर, बियाण्याचे ते दाणे, मी एक एक करून सगळे खाल्ले.